निबंधाची परीक्षा आणि परीक्षेचा निबंध

अमेरिकेतील प्रवेश परीक्षांतून निबंध काढता पाय घेत असताना महाराष्ट्रात मात्र त्याला स्पर्धा परीक्षेत नवे महत्त्व येत आहे. ‘सॅट’मधील निबंध २०२१ मध्ये बंद झाला. ‘जीआरई’मधील दोन लेखांपैकी एक सप्टेंबर २०२३ मध्ये वगळण्यात आला आणि ‘जीमॅट’च्या २०२३ च्या अखेरीस आलेल्या नव्या स्वरूपात तर लेखनाला स्थानच उरले नाही. याउलट, राज्यसेवा मुख्य परीक्षा वर्णनात्मक करण्याचा निर्णय महाराष्ट्र लोकसेवा आयोगाने २०२२ मध्ये जाहीर केला. पुण्यातील विद्यार्थ्यांच्या आंदोलनानंतर त्याची अंमलबजावणी २०२५ च्या परीक्षेपर्यंत लांबणीवर पडली. नव्या आराखड्यात निबंधाची २५० गुणांची स्वतंत्र प्रश्नपत्रिका आहे. तेथे जे फसले ते येथे यशस्वी होईल काय, हा प्रश्न म्हणूनच विचारात घेण्याजोगा आहे.

‘सॅट’मध्ये निबंध आला तो मार्च २००५ मध्ये. कॅलिफोर्निया विद्यापीठाचे तत्कालीन अध्यक्ष रिचर्ड अॅटकिन्सन यांनी २००१ मध्ये या परीक्षेच्या उपयुक्ततेवरच प्रश्नचिन्ह उपस्थित केले आणि त्या दबावातून परीक्षेची फेररचना झाली. दिलेल्या विषयावर २५ मिनिटांत भूमिका घ्यायची आणि उदाहरणे देऊन ती वाचकाला पटवायची, असे या निबंधाचे स्वरूप होते. हेतू स्तुत्य होता. पण त्याला मूल्यमापनाची जोड मिळाली नाही. लाखो उत्तरपत्रिका अल्पावधीत तपासायच्या म्हणजे प्रत्येकीच्या वाट्याला काही मिनिटेच येणार. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधील लेस पेरेलमन यांनी २००५ मध्येच नमुना निबंध तपासून दाखवून दिले, की निबंधाची लांबी आणि त्याला मिळालेले गुण यांचे नाते विलक्षण घट्ट आहे. तपशिलाच्या चुकांसाठी गुण कापू नयेत, अशीही परीक्षकांना सूचना होती.

याचा परिणाम व्हायचा तोच झाला. शिकवणी वर्गांनी साचा तयार केला : आरंभी भूमिका, मध्ये तीन परिच्छेद, शेवटी भूमिकेची पुनरुक्ती. इतिहासातले एक, साहित्यातले एक अशी चार-दोन उदाहरणे पाठ करायची आणि विषय कोणताही असो, ती त्यात बसवायची. सराव म्हणजे विचाराचा सराव न राहता भरणीचा सराव झाला. २०१६ मध्ये निबंध ऐच्छिक करण्यात आला, त्याचे स्वरूपही बदलले. परंतु बहुतेक महाविद्यालयांनी त्याची मागणीच केली नाही. पाच वर्षांत तो इतिहासजमा झाला.

यंत्राने या प्रवृत्तीला आणखी बळ दिले. ‘जीमॅट’चे निबंध तपासण्यासाठी १९९९ पासून संगणकप्रणालीचा वापर सुरू झाला, ‘जीआरई’मध्येही मानवी परीक्षकाच्या जोडीला यंत्र असते. २०१४ मध्ये पेरेलमन यांनी विद्यार्थ्यांच्या मदतीने असे एक सॉफ्टवेअर तयार केले, की जे दोन-तीन शब्द दिल्यावर भारदस्त पण संपूर्णतः निरर्थक निबंध लिहून देई. तपासणाऱ्या प्रणालींनी त्या निबंधांना भरघोस गुण दिले. अर्थ न समजणारा परीक्षक आणि अर्थ नसलेला निबंध यांची अशी गाठ पडली.

‘जीआरई’मध्ये आज उरलेला एकमेव निबंध पुण्या-मुंबईच्या अभियांत्रिकी पदवीधरांच्या परिचयाचा आहे. एक ठाम विधान आणि त्यावर भूमिका मांडण्यासाठी ३० मिनिटे. विषयांची यादी परीक्षा घेणारी संस्था आधीच खुली करते, तरीही हा निबंध अनेकांना जड जातो. कारण शाळेत ‘विज्ञान : शाप की वरदान’ लिहून हात घडलेला असतो. अर्धा निबंध शापाला, अर्धा वरदानाला आणि शेवटी ‘सारे काही मानवावर अवलंबून आहे’ ही सुटका! मन वळवणाऱ्या लेखनात ही सुटका चालत नाही. दिलेले विधान कोणत्या परिस्थितीत खरे ठरते, कोठे कोसळते, आपले म्हणणे न पटणारा सुजाण माणूस कोणता आक्षेप घेईल आणि त्याला उत्तर काय, हे ठरवावे लागते. खरा सराव तो हाच. घड्याळ लावून पन्नास निबंध लिहिण्यापेक्षा दहा निबंध लिहून प्रत्येकावर विरोधकाच्या नजरेने टिपण करणे अधिक फलदायी ठरते. २०२३ मध्ये वगळलेला दुसरा लेख दुसऱ्याच्या युक्तिवादातील कच्चे दुवे शोधायला लावणारा होता; ते कौशल्यही त्याबरोबर परीक्षेबाहेर गेले, ही खेदाची बाब होय.

राज्यसेवेच्या संदर्भात या अनुभवाचा अर्थ स्पष्ट आहे. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या परीक्षेत निबंध १९९३ पासून आहे आणि तेथेही अवतरणांच्या वह्या पाठ करण्याची प्रथा रुळली. अलीकडे तेथील विषय अधिकाधिक अमूर्त होत गेले, त्यामुळे पाठांतराला थोडा आळा बसला. पण रोग गेला असे म्हणता येणार नाही. दुसरीकडे, पर्यायी उत्तरांच्या परीक्षेत उत्तरतालिका जाहीर होते, हरकत घेता येते. ग्रामीण भागातून येऊन वर्षानुवर्षे अभ्यास करणाऱ्या उमेदवाराला निबंधाच्या गुणांत ती पारदर्शकता दिसत नसेल, तर त्याची शंका केवळ आळसातून आलेली आहे असे मानणे अन्यायाचे ठरेल. परीक्षकांचे प्रशिक्षण, प्रत्येक उत्तरपत्रिकेची दोघांकडून स्वतंत्र तपासणी आणि गुणदानाचे निकष दाखवणारे नमुने प्रसिद्ध करणे, एवढे तरी आयोगाकडून अपेक्षित आहे.

मराठीला हा लेखनप्रकार परका नाही. विष्णुशास्त्री चिपळूणकरांची ‘निबंधमाला’ १८७४ मध्ये सुरू झाली, आगरकरांचा ‘सुधारक’ १८८८ मध्ये निघाला. दोघांची मते परस्परांहून भिन्न, पण आपल्याशी असहमत असलेला वाचक समोर आहे, याचे भान दोघांनाही होते. उद्याच्या उपजिल्हाधिकाऱ्याला भूसंपादनाला विरोध करणाऱ्या गावकऱ्यांसमोर उभे राहायचे आहे. तेथे पाठ केलेली अवतरणे उपयोगी पडणार नाहीत. निबंधाची प्रश्नपत्रिका त्या प्रसंगाची तयारी ठरते की शिकवणी वर्गांचा नवा माल, याचा निर्णय विषय काढणाऱ्यांपेक्षा गुण देणाऱ्यांच्या हाती अधिक आहे.