चक्र कुणा एकाचे नाही

पंधरा ऑगस्ट जवळ आला की आपल्या मोबाइलवर एक मजकूर फिरू लागतो. तिरंग्याचे आजचे रूप सुरैया तय्यबजी या मुस्लिम महिलेने घडवले, असे त्यात म्हटलेले असते. मिहानमध्ये नोकरी करणारी आपली मुले-मुली तो ऑफिसच्या ग्रुपवर टाकतात. त्यामागे अभिमान असतो, तशी थोडी धास्तीही असते. बघा, या झेंड्याला आमचाही हात लागला आहे, असे सांगावेसे वाटते.

हा दावा मुख्यतः तय्यबजी कुटुंबाच्या आठवणींतून आलेला आहे. तो खरा असू शकतो. मात्र २२ जुलै १९४७ रोजी संविधान सभेने मंजूर केलेल्या ठरावात कोणत्याही कलाकाराचे नाव नाही. चोवीस आऱ्यांचे चोवीस सद्गुणही त्यात नाहीत. पांढऱ्या पट्ट्याच्या मध्यभागी चरख्याचे प्रतीक म्हणून गडद निळे चक्र असेल आणि त्याची रचना सारनाथच्या अशोकस्तंभावरील चक्रासारखी असेल, एवढेच ठराव सांगतो.

म्हणजे हे चक्र चरख्याचेही आहे आणि अशोकाचेही. हा बदल का केला, तेही पंडित नेहरूंनी सभेत सांगितले. झेंडा दोन्ही बाजूंनी सारखा दिसायला हवा. पूर्ण चरखा मागच्या बाजूने उलटा दिसतो, म्हणून चाती आणि माळ काढून फक्त चाक ठेवले. आपल्यातल्या इंजिनिअरांना ही अडचण लगेच कळेल.

चरख्याचा झेंडा नागपूरला नवा नव्हता. १९२३ च्या झेंडा सत्याग्रहात तोच झेंडा सिव्हिल लाइन्समध्ये नेण्यासाठी शेकडो लोक तुरुंगात गेले. जमनालाल बजाज यांना शिक्षा झाली, पुढे वल्लभभाई पटेलांनी सूत्रे हाती घेतली. सूत आणि माग हे मोमिनपुऱ्याच्या आणि कामठीच्या विणकरांचे जगणे होते. अशोकाचे चक्र बौद्ध परंपरेतले. त्याच परंपरेत बाबासाहेबांनी १९५६ साली याच शहरात दीक्षा घेतली. झेंडा ठरवणाऱ्या समितीत बाबासाहेब होते आणि मौलाना आझादही होते. सभेत मुस्लिम लीगचे सय्यद मुहम्मद सादुल्ला यांनी ठरावाला पाठिंबा दिला.

त्याच दिवशीची आणखी एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. मध्य प्रांत-वऱ्हाडचे सदस्य ह. वि. कामथ यांनी चक्राच्या आत स्वस्तिक असावे अशी दुरुस्ती दिली होती. झेंड्याचा नमुना पाहिल्यावर त्यांनी तिचा आग्रह धरला नाही. चक्र मोकळे राहिले, ते बरे झाले.

ते मोकळे ठेवण्याची जबाबदारी आपल्यावरही आहे. गेल्या काही वर्षांत देशात काही ठिकाणी मिरवणुकीतल्या तिरंग्यावर चक्राच्या जागी धार्मिक मजकूर किंवा चिन्ह दिसले आणि पोरांवर गुन्हे दाखल झाले. कलम्याबद्दलचे आपले प्रेम दाखवायला राष्ट्रध्वजाची जागा लागत नाही. कायद्यानेही ध्वजावर काही लिहिणे हा अपमान ठरवला आहे. स्वस्तिक नको, हे ज्या कारणाने योग्य, त्याच कारणाने चाँद-तारा नको, हेही योग्य. हा नियम दुसऱ्यांनीही पाळावा, असे म्हणण्याचा हक्क आपल्याला तेव्हाच उरतो.

आता पुन्हा त्या मजकुराकडे. सुरैया तय्यबजींचे नाव जरूर घ्या, पण पुरावा म्हणून नको. त्यांनी एक रेघही ओढली नसती, तरी हा झेंडा आपला तेवढाच असता. नागरिकत्व हे योगदानाबद्दल मिळालेले बक्षीस नव्हे. भाड्याचे घर पाहायला गेल्यावर केवळ नाव ऐकून नकार मिळतो, तेव्हा आपली मागणी ‘आम्हीही देशासाठी काही केले आहे’ ही नसावी. सगळ्यांना एकच नियम लावा, ही असावी. बाराव्या शिलालेखात अशोकाने बजावले आहे की, जो आपल्या पंथाची स्तुती करण्यासाठी दुसऱ्याच्या पंथाची निंदा करतो, तो स्वतःच्याच पंथाचे नुकसान करतो. ज्याचे चक्र झेंड्यावर आहे, त्याचे हे म्हणणे आहे.

यंदा त्या मजकुराऐवजी २२ जुलैचा ठराव पाठवा. तो छोटा आहे, आणि त्यात आपण सगळे येतो.