पारपटलातील जल आणि टेराहर्ट्झचे माप

सुश्रुताचार्यांनी उत्तरतंत्राच्या पहिल्याच अध्यायात नेत्राचे बाह्य पटल तेज व जल यांच्या आश्रयाने राहते, असे सांगितले आहे. हे वचन हाताशी असल्यामुळे, टेराहर्ट्झ लहरींनी पारपटलातील जलांश मोजण्याचे वृत्त कानी पडले की 'हे तर आमच्याकडे पूर्वीच होते' असे म्हणून आपल्यातील काही मंडळी मोकळी होतात. आम्हांस हा उत्साह मान्य नाही. जल आहे हे सांगणे वेगळे आणि ते किती आहे हे मोजणे वेगळे. चिकित्सकाचे आज अडते ते मोजण्यापाशी.

पारपटल म्हणजे बुबुळावरील पारदर्शक पडदा. त्याची मध्यभागीची जाडी अर्ध्या मिलिमीटरहून किंचित अधिक, आणि वजनात सुमारे ७८ टक्के पाणी. हे प्रमाण राखण्याचे काम आतल्या बाजूच्या पेशींचा एकेरी थर अहोरात्र करतो. पाणी बाहेर उपसत राहतो. या पेशी झिजल्या की माणसाच्या डोळ्यात त्या जवळजवळ पुन्हा निर्माण होत नाहीत. फुक्सच्या विकारात, तसेच मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर काही रुग्णांत, हा उपसा दुबळा पडतो, पडदा फुगतो आणि दृष्टी धूसर होते. पापण्या मिटलेल्या असताना बाष्पीभवन थांबते, म्हणून असा रुग्ण सकाळी धुक्यातून पाहतो आणि दुपारपर्यंत त्याला निवळल्यासारखे वाटते. आपले दवाखाने बहुधा सायंकाळी भरतात. तोवर धुके ओसरलेले असते! त्यातून चेंबूर-माहुल परिसरात तेलशुद्धीकरणाचे कारखाने, वाहनांचा धूर आणि धूळ यांमुळे चुरचुर व लाली यांचे रुग्ण आपल्या इतके अंगवळणी पडले आहेत की न दुखणारे धूसरपण सहज निसटते.

नेत्रतज्ज्ञ आज पॅकिमीटरने पडद्याची जाडी मोजतात व तीवरून पाण्याचे अनुमान करतात. परंतु निरोगी माणसांतही ही जाडी सारखी नसते. ज्याची मूळ जाडी ५०० मायक्रॉन होती, त्याची ५६० झाली तरी एकाच मापावरून ती सामान्यच ठरेल. म्हणून प्रत्यक्ष जलांश मोजण्याची निकड.

टेराहर्ट्झ लहरी सूक्ष्मलहरी व अवरक्त किरण यांच्या मधल्या पट्ट्यात येतात; १ टेराहर्ट्झ म्हणजे सेकंदास एक लाख कोटी आंदोलने. पाणी या लहरी जोराने शोषते, त्यामुळे जलांश थोडा बदलला तरी परावर्तनात फरक पडतो. क्ष-किरणांप्रमाणे त्या पेशींतील अणूंचे आयनीभवन करीत नाहीत. लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातील संशोधकांनी सशांच्या डोळ्यांवर असे मापन केले. अडचणी मात्र हट्टी आहेत. डोळा गोल, शिवाय हलता. पृष्ठभाग सपाट करण्यासाठी पातळ पटल टेकवावे, तर अश्रूंचा थर विस्कळीत होतो. परावर्तनावर जाडी व जलांश या दोहोंचा परिणाम एकत्रच उमटतो, तो वेगळा काढावा लागतो. हे तंत्र नेत्रचिकित्सालयांच्या नित्य वापरात अद्याप आलेले नाही.

मग आपण त्याची दखल का घ्यावी? आमच्या मते तर्पणासाठी. उडदाच्या पिठाच्या पाळीत कोमट घृत भरून डोळा त्यात ठेवला असता पारपटलातील पाण्याचे काय होते, याचे उत्तर अनुभवाच्या भाषेत आपण पुष्कळ देतो, आकड्यांत क्वचितच. तूप हा निर्जल पदार्थ या लहरींना पाण्याइतका अडवीत नाही, तथापि त्याचा राहिलेला थर मापात घोटाळा करील, म्हणून डोळा स्वच्छ झाल्यावरच माप घ्यावे लागेल. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत टेराहर्ट्झ लहरींवर काम झाले आहे. वरळी व शीव येथील आयुर्वेद महाविद्यालयांत शालाक्य विभाग आहेत. या दोन टोकांत मुंबईची एक लोकल काय ती आडवी येते. प्रयत्न आपल्याकडूनच व्हावयास हवा, कारण तर्पणाचा प्रश्न भौतिकीच्या अभ्यासकास आपणहून सुचणार नाही. तोवर साध्या पॅकिमीटरने तर्पणापूर्वी, तर्पणानंतर व दुसऱ्या दिवशी त्याच वेळी जाडी नोंदविण्यास कोणाची हरकत आहे? उत्तर आपल्या बाजूने आले नाही, तरी ते छापावे.

औषधविक्रेत्या बंधूंसही एक विनंती. 'डोळ्यांत घालायला काहीतरी द्या' म्हणणाऱ्या साठीपुढील ग्राहकास नेत्रबिंदूची बाटली पुढे करण्याआधी दोन प्रश्न विचारावेत: मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली आहे काय, आणि सकाळी दिसते ते सायंकाळपेक्षा धूसर असते काय. दुसऱ्याचे उत्तर होकारार्थी आले, तर पहिल्याचे काहीही असो, विक्री थांबवावी व त्यास नेत्रतज्ज्ञाकडे पाठवावे. तेही सकाळच्या वेळी, उठल्यावर शक्य तितक्या लवकर.