दर्शनाचे यंत्र आणि कर्माचे यंत्र

सुश्रुताचार्यांनी चिकित्सास्थानाच्या सहाव्या अध्यायात अर्शोयंत्राचे वर्णन केले आहे. गोस्तनाच्या आकाराचे, चार अंगुळे लांबीचे हे यंत्र त्यांनी दोन प्रकारचे सांगितले. पाहण्यासाठी दोन छिद्रांचे आणि क्षार, अग्नी वा शस्त्र यांच्या कर्मासाठी एकाच छिद्राचे. पाहणे आणि करणे या क्रिया भिन्न असून त्यांची साधनेही भिन्न असावीत, हा विवेक या वर्णनामागे आहे. बृहदंत्राच्या कर्करोगाच्या पूर्वतपासणीसाठी आज उपलब्ध असलेल्या ‘आभासी कोलोनोस्कोपी’चा विचार करताना हाच विवेक आम्हास उपयोगी वाटतो.

वर्धा, हिंगणघाट, आर्वीसारख्या गावांतील रुग्णही आता नातेवाइकांकडून ऐकून विचारतात, “डॉक्टरसाहेब, नळी न घालता आतड्याची तपासणी होते म्हणे. ती करावी काय?” या प्रश्नाचे उत्तर आपल्यापाशी असले पाहिजे.

प्रथम तंत्र समजून घेऊ. अमेरिकेतील डॉ. डेव्हिड व्हायनिंग यांनी १९९४ साली ही पद्धत प्रथम मांडली. रुग्णाचे कोष्ठ आदल्या दिवशी रिकामे करतात व उरलेला मल ओळखता यावा म्हणून त्यास तोंडाने कॉन्ट्रास्ट द्रव देतात. नंतर गुदमार्गे एक लहान नळी घालून हवा किंवा कार्बन डायऑक्साइड वायू भरतात आणि उताणे व पालथे निजवून सी. टी. स्कॅन घेतात. त्या प्रतिमांवरून संगणक बृहदंत्राच्या आतील भिंतीचे चित्र उभे करतो. म्हणजे ‘नळीच नाही, जुलाबही नाही’ हा समज खरा नव्हे. लांब दुर्बीण आत जात नाही व भूल लागत नाही, एवढेच खरे.

तपासणीची योग्यता मात्र संशयास्पद नाही. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या पिकहार्ट व सहकाऱ्यांच्या अभ्यासात लक्षणे नसलेल्या १२३३ व्यक्तींच्या दोन्ही तपासण्या एकाच दिवशी झाल्या. १० मि.मी. वा त्याहून मोठ्या ग्रंथिल अंकुरांच्या बाबतीत आभासी तपासणी सुमारे ९४ टक्के, तर दुर्बीण सुमारे ८८ टक्के संवेदनशील ठरली. २००८ साली अमेरिकेतील १५ केंद्रांच्या अभ्यासात मोठ्या अंकुरांसाठी हे प्रमाण ९० टक्के आले, पण ६ मि.मी. व त्यावरील सर्व अंकुर धरता ७८ टक्केच भरले. लहान व चपटे अंकुर निसटू शकतात, हा त्याचा अर्थ. तेथील प्रतिबंधक सेवा कृतिदलाने २०२१ साली पूर्वतपासणीचे वय ५० वरून ४५ वर आणले आणि मान्य पर्यायांत दर पाच वर्षांनी करावयाच्या या स्कॅनलाही स्थान दिले.

मग आक्षेप कोठे आहे? हे यंत्र केवळ दर्शनाचे आहे. अंकुर दिसला तरी तो काढता येत नाही, त्याचा तुकडाही घेता येत नाही. त्यासाठी पुन्हा दुर्बिणीकडेच जावे लागते, म्हणजे बहुधा दुसऱ्यांदा कोष्ठशुद्धी, दुसरा खर्च व दुसरी खेप. शिवाय क्ष-किरणांचा मारा होतो, तो थोडा असला तरी विचारात घ्यावा लागतो. आमच्या मते ही तपासणी लक्षणरहित, दुर्बीण नाकारणाऱ्या किंवा प्रकृतीमुळे ती न सोसणाऱ्या व्यक्तीसाठी, तसेच ज्यांची कोलोनोस्कोपी अर्धवट राहिली त्यांच्यासाठी योग्य पर्याय आहे. ज्यास गुदमार्गे रक्त पडते, त्यास ‘आधी स्कॅन करून पाहू’ असे सांगणे चूक आहे. त्यास सरळ दुर्बिणीकडे पाठवावे.

हे लिहिण्याचे कारण आमच्याच चिकित्सालयातील आहे. पन्नाशी ओलांडलेले एक शेतकरी रक्त पडते म्हणून आले. आम्ही प्रश्न विचारले, नाडी पाहिली, अर्शकुठार रस, अभयारिष्ट व पथ्य दिले. रक्त मध्यंतरी थांबले, पुन्हा आले, पुन्हा औषध दिले. असे सात महिने गेले. त्यांचे वजन उतरू लागले तेव्हा प्रथमच आम्ही अंगुली-परीक्षण केले आणि बोटाच्या टोकास कठीण, खरखरीत ग्रंथी लागली. दर्शन, स्पर्शन व प्रश्न या त्रिविध परीक्षेपैकी स्पर्शन आम्ही सात महिने वगळले होते. त्याचा दोष ना शास्त्राचा, ना औषधाचा. तो आमचा.

आपल्या देशात बृहदंत्राच्या कर्करोगाचे प्रमाण पाश्चात्त्य देशांहून कमी आहे, परंतु त्यांत मलाशयाच्या कर्करोगाचा वाटा मोठा आहे आणि रुग्ण तुलनेने तरुण असतात. म्हणून ‘वय लहान, म्हणजे मूळव्याधच’ हे गणित येथे धोक्याचे आहे. राष्ट्रीय कार्यक्रमातील पूर्वतपासणी मुख, स्तन व गर्भाशयमुख या तीन कर्करोगांपुरतीच आहे. मलाशयाच्या रोग्याची पहिली भेट त्यामुळे बहुधा आपल्याशी किंवा औषधाच्या दुकानाशीच होते.

औषधविक्रेते बंधूंनाही आमची विनंती आहे. मूळव्याधीच्या गोळ्या वा रेचक चूर्ण महिनोन्महिने नेणाऱ्या गिऱ्हाइकास दोनच प्रश्न विचारावेत. रक्त पडते काय? शौचाची सवय अलीकडे बदलली काय? उत्तर ‘होय’ असेल तर बाटलीपूर्वी वैद्याकडे पाठवावे. लोह व मंडूर कल्पांनी मल काळा होतो, तेव्हा काळ्या मलाची चौकशी करताना तेही विचारावे आणि दुर्बिणीच्या तपासणीपूर्वी ही औषधे थांबवण्याबाबत तेथील डॉक्टरांस विचारण्यास सांगावे. तपासणीची कोष्ठशुद्धी म्हणजे आपले विरेचन नव्हे. सांगितलेल्या द्रावणाऐवजी एरंडेल वा त्रिवृत देऊ नये.

लक्षणरहित व्यक्तीसाठी स्वस्त मार्गही आहे. मलातील अदृश्य रक्ताची तपासणी दरवर्षी केल्याने या रोगाचे मृत्यू ३३ टक्क्यांनी घटल्याचे अमेरिकेतील मिनेसोटा येथील अभ्यासात १९९३ साली दिसून आले. स्कॅनच्या गावाला जाण्यापूर्वी हे पहिले पाऊल बहुतेकांस परवडणारे आहे. पन्नाशीच्या पुरुषाचा पांडू केवळ आहाराचा वा सिकलसेलचा मानून सोडू नये, त्याचे आतडे तपासावे. पुढच्या तपासणीसाठी सेवाग्राम व सावंगी येथील रुग्णालये आपल्या जिल्ह्यातच आहेत.

रुग्ण दुसरीकडे पाठवला म्हणजे तो गमावला, ही भीती आपण मनातून काढली पाहिजे. आमचे ते शेतकरी शस्त्रक्रियेनंतर पथ्य विचारण्यास आमच्याकडेच आले. सात महिने उशीर झाला होता, हे आम्ही त्यांना स्वतःहून सांगितले. ते काही बोलले नाहीत. त्या दिवसापासून आमच्या टेबलावर नाडीच्या नोंदवहीशेजारी हातमोज्यांची पेटी ठेवलेली असते.