टी-७२ला नवं इंजिन मिळणार, पण आत बसणाऱ्या तिघांच्या जिवाचं काय?

पनवेल : लष्कराकडे सगळ्यात जास्त संख्येने असलेला रणगाडा म्हणजे टी-७२. आपल्याकडे त्याचं नाव 'अजेय'. सोव्हिएत रशियाच्या सैन्यात तो १९७३ साली आला आणि त्याच दशकाच्या अखेरीस भारतात. म्हणजे आज जो पंचविशीतला जवान तो चालवतो, त्याच्या जन्माच्या कितीतरी आधीचं हे डिझाइन. तरीही मार्च २०२५ मध्ये संरक्षण मंत्रालयाने या रणगाड्याच्या इंजिनांसाठी रशियाच्या रोसोबोरोनएक्स्पोर्ट कंपनीशी २४ कोटी ८० लाख डॉलरचा करार केला. रुपयांत साधारण २,१५० कोटी. इतक्या जुन्या गाडीवर एवढा पैसा कशाला, हा प्रश्न पडणं साहजिक आहे.

आधी गाडी समजून घेऊ. विमानतळाच्या कामावर पोकलेन पाहिला नाही असा माणूस पनवेल-उरणकडे सापडायचा नाही. नेहमीचा मोठा पोकलेन वीस-एकवीस टनांचा असतो. टी-७२चं वजन ४१ टनांच्या आसपास, म्हणजे दोन पोकलेन एकावर एक. खाली तशीच चेन. रुंद चेनमुळे वजन जमिनीवर पसरतं. त्यामुळे भरलेला ट्रक जिथे चिखलात रुतून बसेल तिथून हा ४१ टनांचा गडी निघून जातो. भातखाचरात ट्रॅक्टरला लोखंडी केजव्हील लावतात, त्यामागचं तत्त्वही हेच.

वर १२५ मिलिमीटरची तोफ. उंची मात्र जेमतेम सव्वादोन मीटर, आपल्याकडच्या घराच्या दारापेक्षा थोडीशीच जास्त. रशियन लोकांनी हे मुद्दाम केलं. रणगाडा जितका ठेंगणा, तितका तो बांधाआड लपतो आणि नेम धरायला अवघड जातो. उंची कमी करायची तर आतला एक माणूस कमी करायला हवा. इतर अनेक देशांच्या रणगाड्यांत चौघे असतात, त्यातला एक तोफेत गोळा भरतो. टी-७२मध्ये ते काम यंत्र करतं, म्हणून माणसं तीनच : चालक, तोफची आणि कमांडर.

रणगाड्याची ताकद आणि दुखणं, दोन्ही इथेच आहे. ते यंत्र म्हणजे जमिनीलगत बसवलेलं एक गोल फिरतं चाक. त्यात २२ गोळे आणि त्यांची दारू गोलाकार मांडून ठेवलेली असते. बाकीचे गोळे आत जिथे जागा मिळेल तिथे. तोफची आणि कमांडर बसतात ते बरोबर या चाकाच्या वर. बाहेरचा मार चिलखत फोडून आत दारूपर्यंत पोहोचला, तर या दोघांना काही करायला वेळच उरत नाही. २०२२ पासून युक्रेनच्या युद्धातले जे व्हिडिओ मोबाइलवर फिरतात, त्यात रणगाड्याचा वरचा अख्खा बुरूज उडून बाजूला पडलेला दिसतो. त्यातले बरेचसे टी-७२ किंवा त्याच घराण्यातले. अमेरिकेच्या अब्राम्समध्ये बहुतेक गोळे मागच्या वेगळ्या कप्प्यात, मध्ये जाड दार ठेवून बसवलेले असतात. स्फोट झाला तर तो वरच्या बाजूने बाहेर जावा अशी सोय असते. टी-७२मध्ये अशी सोय नाही आणि मागाहून करायची म्हटलं तर सगळी गाडीच बदलावी लागेल.

मग लष्कर हा रणगाडा मोडीत का काढत नाही? सरळ कारण म्हणजे संख्या. साधारण २,४०० टी-७२ आहेत. एवढ्या गाड्या एका झटक्यात बदलणं कुठल्याही देशाला परवडणारं नाही. दुसरं कारण वजनाचं. आपला स्वदेशी अर्जुन रणगाडा चिलखताच्या बाबतीत भक्कम आहे, पण त्याची नवी आवृत्ती ६८ टनांवर गेली. पंजाबच्या सीमेवर कालवे आणि छोटे पूल पावलोपावली. राष्ट्रीय महामार्गावरच्या नव्या पुलाचं गणित करताना अभियंते ७० टनांचं चेनवालं वाहन धरतात. गाढी किंवा पाताळगंगेवरचा महामार्गाचा नवा पूलही याच हिशेबाचा. पण गावच्या साकवाला तो हिशेब लावता येत नाही. सीमेवरच्या गावांतही सगळे पूल महामार्गाचे नसतात. तिथे ४१ टन आणि ६८ टन यातला फरक म्हणजे पलीकडे जायचं की अलीकडेच थांबायचं, इतका मोठा. त्यामुळेच अर्जुनच्या या आवृत्तीची ऑर्डर २०२१ मध्ये ११८ गाड्यांवरच थांबली.

आता इंजिनाकडे येऊ. टी-७२चं सध्याचं इंजिन ७८० अश्वशक्तीचं आहे. ४५ अश्वशक्तीचे सतरा ट्रॅक्टर जुंपले तर जेवढं बळ होईल तेवढं. सपाटीवर ते पुरतं. पण २०२० नंतर हेच रणगाडे लडाखमध्ये १५-१६ हजार फुटांवर उभे आहेत. तिथे हवा विरळ, त्यामुळे डिझेल इंजिनाचा दम कमी पडतो. त्यात थंडी अशी की इंजिन रात्री सुद्धा अधूनमधून चालू ठेवावं लागतं. नव्या करारातलं इंजिन १,००० अश्वशक्तीचं आहे. चढावर आणि नदीपात्रातून बाहेर पडताना हे जास्तीचं बळ कामी येईल. काही इंजिनं तयार येतील, काही सुट्या भागांत. शिवाय चेन्नईजवळच्या आवडी कारखान्याला तंत्रज्ञान मिळून पुढे ती इथेच बनतील. आवडीचा कारखाना ज्या सरकारी कंपनीचा, त्याच आर्मर्ड व्हेइकल्स निगमचा एक कारखाना पनवेलच्या शेजारी अंबरनाथला आहे.

मात्र इंजिनाने सगळं साधत नाही. २८ जून २०२४च्या रात्री लडाखमध्ये श्योक नदीचं पाणी अचानक वाढलं. सराव संपवून परतणारा रणगाडा पात्रात अडकला आणि पाच जवान वाहून गेले. टी-७२ काही तयारी न करता सव्वा मीटर पाण्यातून जातो, नळी लावून पाच मीटरमधूनही. पण पाणी मिनिटामिनिटाला चढत असेल तर हे आकडे कागदावरच राहतात. पावसाळ्यात नदीकाठी राहणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको.

दुसरं, टी-७२ मागे घेण्याचा वेग ताशी चारेक किलोमीटर, म्हणजे माणसाच्या चालीइतका. गोळा मारून पटकन आडोशाला सरकायचं तर हे फार कमी. गिअरबॉक्स तोच राहिला तर नवं इंजिनही इथे फारसं उपयोगी पडणार नाही. तिसरं म्हणजे ड्रोन. मोटरसायकलपेक्षा स्वस्त ड्रोन आता वरून येऊन छतावर आदळतो, आणि छताचं पोलाद समोरच्या बाजूपेक्षा बरंच पातळ असतं. पुण्याच्या एचईएमआरएल प्रयोगशाळेने या रणगाड्यासाठी स्फोटक विटांचं चिलखत तयार केलं. आलेला मार ते बाहेरच उधळून लावतं, पण वरून येणाऱ्या माऱ्यासाठी जाळी, जॅमर आणि ड्रोन पाडणारी यंत्रणाही हवी. जगभरात सध्या यावरच पैसा ओतला जातोय.

जुनी गाडी म्हणजे टाकाऊ, असंही नाही. १९६५ मध्ये पाकिस्तानकडे अमेरिकेचे पॅटन होते आणि आपल्या पूना हॉर्सकडे त्याहून जुने ब्रिटिश सेंच्युरियन. मुंबईत जन्मलेले लेफ्टनंट कर्नल अर्देशीर तारापोर यांनी फिलोरा-चविंडाच्या लढाईत त्याच सेंच्युरियनमधून रेजिमेंट पुढे नेली आणि तिथेच ते धारातीर्थी पडले. परमवीर चक्र मिळालं. १९७१ मध्ये बसंतरला पुण्यात जन्मलेले अरुण खेतरपाल त्याच रेजिमेंटमधून, सेंच्युरियनमधूनच लढले. वय फक्त २१. तेव्हा नेमबाजी आणि हिंमत यांनी गाडीचं वय झाकलं. आजही चिलखती दलाचं शिक्षण अहिल्यानगरच्या केंद्रातच होतं. फरक इतकाच की तेव्हाचा शत्रू समोरून दिसायचा, आताचा ड्रोन चालवणारा काही किलोमीटर लांब खोलीत बसलेला असतो.

टी-७२च्या जागी येणाऱ्या नव्या रणगाड्याच्या खरेदीला सप्टेंबर २०२४ मध्ये प्राथमिक मंजुरी मिळाली. लष्कराला असे १,७७० हवेत. पण डिझाइन, चाचण्या, कारखाना हे सगळं धरलं तर पहिली रेजिमेंट उभी राहायला २०३० उलटणार हे उघड आहे, आणि शेवटचा टी-७२ निवृत्त व्हायला त्यानंतर आणखी बरीच वर्षं. तोवर महाडच्या फौजी आंबवड्यासारख्या गावांतून भरती होणारी पोरं याच रणगाड्यात, त्याच २२ गोळ्यांच्या चाकावर बसणार आहेत. इंजिनाचा करार झाला. छतासाठी आणि त्या चाकाभोवतीच्या संरक्षणासाठी किती पैसे ठेवले, हे पुढच्या अर्थसंकल्पात बघायला हवं.