निम्मी 'मैना'

१/ थ्रेड : दर १ मे रोजी ध्वनिक्षेपकांवर 'माझी मैना गावावर राहिली' वाजते. नवी वाद्ये, नवा ठेका, कधी रॅपची जोड. त्यात गैर काही नाही. गैर हे, की बहुतेक वेळा गाणे निम्म्यावरच थांबते आणि ज्या निम्म्यासाठी ते रचले गेले, ते कानावर पडतच नाही. हा थ्रेड त्या गाळलेल्या निम्म्याविषयी.

२/ आधी कर्त्याविषयी. अण्णाभाऊ साठे : जन्म १ ऑगस्ट १९२०, वाटेगाव, तालुका वाळवा, मातंग समाजात. शाळा नावापुरती. कुटुंबासह पायी मुंबई गाठली, गिरणीत राबले, कम्युनिस्ट चळवळीत आले. १९४४ मध्ये अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्यासह 'लाल बावटा कलापथक' उभे केले.

३/ गाण्याचा प्रकार छक्कड. लावणीच्या कुळातला, तमाशाच्या बोर्डावर रुळलेला. पहिला भाग विरहाचा. पोटासाठी मुंबईस निघालेला नवरा, मागे राहिलेली बायको, तिच्या रूपाचे लडिवाळ वर्णन. प्रेक्षकाला हे सारे ओळखीचे. तो सैल होऊन बसतो आणि तिथेच शाहीर त्याला पकडतो.

४/ पुढे मुंबई येते. बेकारांची गर्दी, त्यात मिसळलेला हा एकटा, पावसात भिजणारा, छत्रीलाही महाग झालेला मजूर. मग येते चळवळ. परळ, लालबाग, फाउंटन. मैनेवाचून या माणसाची जी गत, तीच खंडित महाराष्ट्राची, असे शाहीर सांगतो आणि बेळगाव, कारवार, निपाणी ही नावे घेतो.

५/ या वळणाशिवाय गाणे म्हणजे उपमेय कापून टाकलेले उपमान. ऐकणाऱ्याला वाटते, छान विरहगीत आहे. मैना कोण, ती का राहिली, कोणामुळे राहिली, हे प्रश्नच उरत नाहीत. शिवाय १ मे हा कामगार दिनही आहे. त्याच दिवशी त्याच गाण्यातला कामगार बाहेर काढला जातो!

६/ तारखा पाहा. २१ नोव्हेंबर १९५५ : फ्लोरा फाउंटनवर गोळीबार. ६ फेब्रुवारी १९५६ : संयुक्त महाराष्ट्र समितीची स्थापना. १ नोव्हेंबर १९५६ : बेळगाव, कारवार, निपाणी म्हैसूर राज्यात. १ मे १९६० : मुंबईसह महाराष्ट्र. लढ्यात शंभराहून अधिक माणसे गेली. मुंबई मिळाली, मैना गावावरच राहिली.

७/ त्यानंतर १९६६ चा महाजन आयोग, १९६७ चा त्याचा अहवाल, महाराष्ट्राने दिलेला नकार, २००४ पासून सर्वोच्च न्यायालयातला दावा. निपाणी कोल्हापुरापासून सुमारे ४० किलोमीटर. डिसेंबर २०२२ मध्ये वाद पेटला आणि दोन्हीकडच्या बस थांबल्या. आमच्याकडे हे गाणे इतिहासजमा झालेलेच नाही.

८/ आता शुद्धतावाद्यांचा आक्षेप : 'नव्या चालीने मूळ गाणे भ्रष्ट होते.' हे मला अमान्य. मुळात छक्कड अण्णाभाऊंनी तमाशातूनच उचलली. गणात गणपतीच्या जागी मायभूमीला आणि हुतात्म्यांना वंदन त्यांनीच आणले. सरकारने तमाशावर बंदी घातली, तेव्हा त्याच ऐवजाला 'लोकनाट्य' हे नाव मिळाले. ज्याने परंपरेला इतके वाकवले, त्याच्या नावे सोवळे पाळणे हास्यास्पद आहे.

९/ जगातले एक उदाहरण. 'पीपल गेट रेडी' (१९६५) हे कर्टिस मेफिल्डचे सोल गीत. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्क चळवळीचा श्वास त्यात आहे. त्याच वर्षी जमैकात वेलर्सनी त्याचा अंश 'वन लव्ह'मध्ये घेतला, श्रेय न देता. १९७७ च्या रेगे आवृत्तीत बॉब मार्लेच्या नावाशेजारी मेफिल्डचे नाव आले.

१०/ ठेका बदलला, देश बदलला, तरी मुक्तीची आस टिकली. म्हणून ती आवृत्ती मोठी. पुढे तेच 'वन लव्ह' जमैकाच्या पर्यटनाच्या जाहिरातीत वाजले, तेव्हा समुद्रकिनारा उरला आणि न्यायनिवाड्याची भाषा गळली. गाणे मारायला चाल बदलावी लागत नाही, कात्री पुरते.

११/ दुसरा आक्षेप : 'प्रेमगीतात राजकारण कशाला?' अहो, ते कर्त्यानेच घातले आहे. नवरा-बायकोची ताटातूट घडवणारी गरिबी हेही राजकारणच. तिसरा आक्षेप : 'गाणे लांब आहे, तीन मिनिटांत बसत नाही.' मग शेवटची तीन मिनिटे गा की! दर वेळी नेमका शेवटच कसा जादा होतो?

१२/ उत्तर उघड आहे. मैनेचे रूप कोणालाच अडचणीचे नसते. बेकार मजूर, गोळीबार आणि अपुरे राहिलेले राज्य मात्र व्यासपीठावर बसलेल्या प्रत्येकाला काही ना काही विचारतात. त्यातच गाण्याला 'पारंपरिक' म्हणून टाकले की प्रश्न विचारणारा मातंग शाहीरही नाहीसा होतो, आणि सोहळा निर्वेध पार पडतो.

१३/ म्हणून गायकांना, संयोजकांना सांगणे एवढेच : डीजेवर लावा, रॅप करा, गिटार घ्या, हवा तो ठेका धरा. पण आधी 'शाहीर अण्णाभाऊ साठे' हे नाव घ्या आणि निपाणी-बेळगावपर्यंत गाणे न्या. तिथवर पोहोचायची तयारी नसेल, तर १ मे रोजी दुसरे गाणे निवडा. विरहगीतांची मराठीत वाण नाही.