कप कुणाचा, क्लब कुणाचा?

कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर हंगामाचा पहिला सामना झाला की एक जुना वाद पुन्हा सुरू होतो. एका बाजूचं म्हणणं सोपं असतं : औंदा कप पेठेत आला पायजे, कसा आणायचा ते तालमीने बघावं. दुसरी बाजू म्हणते, किती वर्षं बाहेरचे खेळाडू आणून कप उचलायचे? चार-पाच वर्षं कप नाही मिळाला तरी चालेल, आधी पोरं घडवा. चहाच्या टपरीवर, कट्ट्यावर, मोबाइलवर हा वाद रात्री उशिरापर्यंत चालतो आणि पुढच्या डर्बीला सगळं विसरून सगळे एकाच बाजूच्या गॅलरीत बसतात.

माझं म्हणणं असं की दोन्ही बाजू हा वाद चुकीच्या जागी उभं राहून घालतात. त्यामुळेच तो कधी संपत नाही, आणि न संपण्यातच काही लोकांची सोय आहे.

मी कोल्हापूरचा नाही, हे आधीच सांगतो. मी नंदुरबार जिल्ह्यातल्या ब्राह्मणपुरीत वाढलो, इंजिनिअरिंग केलं आणि आता सॉफ्टवेअर लिहून पोट भरतो. शहादा तालुक्यात फुटबॉलचा क्लब ही कल्पनाच नाही. आमच्याकडे उन्हाळ्यात टेनिस बॉल क्रिकेटच्या स्पर्धा होतात. बॅनरवर नेत्यांचे फोटो, खाली प्रथम बक्षिसाची रक्कम मोठ्या आकड्यात. त्या रकमेसाठी गावोगावचे संघ बाहेरून दोन-तीन हुकमी खेळाडू आणतात, जिंकतात, पैसे वाटून घेतात आणि दुसऱ्या दिवशी तो संघ अस्तित्वातच नसतो. गावाच्या नावाने खेळलेल्या संघात गावचं कोण होतं, हे विचारायचं नसतं. असं बघत मोठा झालेल्या माणसाला कोल्हापूरचं फुटबॉल पहिल्यांदा कळतं, तेव्हा त्याला हेवा वाटतो. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार, बालगोपाल, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब, फुलेवाडी : पेठेपेठेला स्वतःचा संघ, आणि त्या संघामागे आजोबांपासून नातवापर्यंत उभी असलेली माणसं. हे महाराष्ट्रात दुसरीकडे कुठेही नाही. म्हणूनच ते उधळलं जात असेल, तर बाहेरच्या माणसालाही बोलायचा अधिकार आहे असं मी मानतो.

हंगामाची रचना बघा. कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन, म्हणजे केएसएची शाहू छत्रपती लीग होते, आणि तिच्यापाठोपाठ बाद फेरीच्या कपांची रांग लागते. बहुतेक कप कुणा नेत्याच्या, उद्योजकाच्या किंवा दिवंगत व्यक्तीच्या नावाचे. बाद फेरीत एक वाईट दिवस म्हणजे स्पर्धा संपली. अशा स्पर्धेत सतरा वर्षांच्या पोराला उतरवून त्याच्या चुका पोटात घालायची हिंमत कोणता प्रशिक्षक करेल? तो तयार खेळाडूच मागणार. मग नायजेरियाहून, आफ्रिकेतल्या इतर देशांतून, किंवा दुसऱ्या राज्यांतून हंगामापुरते खेळाडू येतात. त्यांच्यावर माझा राग नाही. घरापासून हजारो किलोमीटर लांब येऊन, मिळेल त्या मोबदल्यावर, शिव्या आणि टाळ्या दोन्ही खात खेळणारा तो एक कामगार आहे. त्याला आणणं हा तालमीचा निर्णय आहे आणि हिशोब तालमीनेच द्यायचा आहे.

आमच्याकडच्या ऊसवाल्याला हे एका वाक्यात कळेल. खोडव्यावर खोडवा घेत राहिलं की नवीन लागणीचा खर्च वाचतो, पण दरवर्षी उतारा कमी येत जातो. रान मात्र वरून हिरवंच दिसतं.

इथपर्यंत वाचून ‘पाया घाला’वाल्यांना वाटेल, हा आपल्या बाजूचा आहे. थांबा. आता तुमची पाळी.

‘दीर्घकालीन विकास’ हा शब्द महाराष्ट्रात कुणी कुणी वापरला आणि त्या क्लबांचं काय झालं, याची यादी करू. मुंबईच्या महिंद्रा युनायटेडने २००५-०६ची राष्ट्रीय लीग जिंकली, फेडरेशन कप जिंकला. २०१०मध्ये कंपनीने हा क्लब बंद केला, आणि बंद करताना आता आपण शालेय फुटबॉलकडे लक्ष देणार असल्याचं सांगितलं. म्हणजे तळागाळाचा विकास हेच संघ गुंडाळायचं कारण झालं! पुणे एफसी २००७मध्ये सुरू झाला, २०१२-१३च्या आय-लीगमध्ये दुसरा आला, आणि त्याची अकादमी देशातल्या उत्तम अकादम्यांपैकी एक होती; वीस वर्षांखालच्या राष्ट्रीय लीगमध्ये तिची पोरं विजेती होत होती. पुस्तकात लिहावं तसं सगळं नीट केलेला हा क्लब २०१५मध्ये संपला. डीएसके शिवाजीयन्सने तर पुण्यात लिव्हरपूलच्या नावाची अकादमी उभी केली होती. २०१७मध्ये तो क्लब आय-लीगमधून गेला. त्याच वर्षी मुंबई एफसी खालच्या श्रेणीत घसरला आणि मालकांनी दुकान बंद केलं. एफसी पुणे सिटी २०१७-१८च्या आयएसएलमध्ये उपांत्य फेरीत होता, २०१९मध्ये नव्हताच.

दहा वर्षांत पाच क्लब. यांतले काही कप जिंकणारे होते, काही पोरं घडवणारे. कपाने कुणाला वाचवलं नाही आणि अकादमीनेही नाही. कारण पाचही ठिकाणी क्लब म्हणजे मालकाच्या ताळेबंदातली एक ओळ होती. ती ओळ खोडायची वेळ आली तेव्हा रस्त्यावर उतरायला, वर्गणी काढायला, निदान मोडता घालायला कुणाचाही हक्क तिथे नव्हता. प्रेक्षक होते, चांगले होते, पण ते ग्राहक होते. ग्राहकाला दुकान बंद झाल्याचं फक्त कळवलं जातं.

गोव्यात काय झालं, तेही शेजारी ठेवून बघा. राष्ट्रीय विजेतेपद पाच वेळा मिळवलेला डेम्पो, साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब द गोवा हे तिन्ही क्लब २०१६मध्ये आय-लीगमधून बाहेर पडले. पण ते मेले नाहीत. गोव्याच्या लीगमध्ये खेळत राहिले, आणि डेम्पो पुढे आय-लीगमध्ये परतलाही. वरचं छत गेलं तरी खाली गावची लीग आणि गावचे खेळाडू होते. पुण्या-मुंबईच्या क्लबांखाली तसं काही नव्हतं.

म्हणजे पुण्याकडे अकादमी होती आणि पेठ नव्हती. कोल्हापूरकडे पेठ आहे आणि अकादमीचं काम बरंचसं दुसरं कुणी तरी करतं. २०१७च्या सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव कोल्हापूरचा. त्याचं कोल्हापूरला केवढं कौतुक झालं, आणि व्हायलाच हवं होतं. पण तो घडला पुण्यात, राज्य शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीत. एवढी वेडी पेठांची नगरी, आणि तिच्या पोराला घडण्यासाठी लहानपणीच सरकारी वसतिगृहात जावं लागतं, हे अभिमानाच्या फलकावर कुणी लिहीत नाही.

‘कप की विकास’ हा वाद इंग्लंड-स्पेनमध्येही चालतो, पण तिथली उदाहरणं आपण अर्धीच उचलतो. विगन अ‍ॅथलेटिकने २०१३मध्ये एफए कप जिंकला आणि तीनच दिवसांत तो प्रीमियर लीगमधून खाली गेला. पोर्ट्समथने २००८मध्ये तोच कप जिंकला; दोन वर्षांत क्लब दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेला आणि २०१३पर्यंत चौथ्या श्रेणीत पोचला. इथवर सगळे सांगतात. पुढचं कमी सांगितलं जातं : तो क्लब शेवटी चाहत्यांच्या ट्रस्टने पैसे गोळा करून विकत घेतला आणि वाचवला. उलट उदाहरण बिल्बाओचं. अ‍ॅथलेटिक क्लब फक्त बास्क प्रदेशातले किंवा तिथे घडलेले खेळाडू खेळवतो, स्पेनच्या पहिल्या श्रेणीतून तो कधीही खाली गेलेला नाही, आणि तो सभासदांच्या मालकीचा आहे. अध्यक्षही सभासदच निवडतात. १९८४नंतर या क्लबाने कोपा देल रेचे सहा अंतिम सामने गमावले. सातव्यांदा, २०२४मध्ये, कप घरी आणला. चाळीस वर्षं! या चाळीस वर्षांत ‘नियम मोडा, बाहेरचे आणा’ असं म्हणणारं कुणी नव्हतं असं समजू नका. पण तो नियम मोडायचा की पाळायचा हे ठरवणारे तेच होते, आणि तोटाही त्यांचाच होता. म्हणून त्यांच्या धीराला किंमत आहे. दुसऱ्याच्या पैशावर, दुसऱ्याच्या निर्णयावर ‘आम्ही धीर धरू’ म्हणायला काहीच पडत नाही.

आणि इथेच कोल्हापूरकरांची सबब संपते. पुण्याचा चाहता म्हणू शकत होता, मालकाने केलं, मी काय करणार? तालमीला तसा मालक नाही. तालीम पेठेची आहे. वर्गणी पेठेची, गणपती पेठेचा, संघ पेठेचा. बिल्बाओच्या सभासदाकडे कागदावर जे आहे ते पेठेकडे वहिवाटीने आहे. ते वापरायचं सोडून आपण कट्ट्यावर बसून ‘तालमीने असं करावं’ म्हणतो, तेव्हा आपण स्वतःलाच ग्राहक करून घेतो.

तर मागण्या ठोस हव्यात, मोजता येतील अशा. ‘युवा विकास’ वगैरे शब्द मोजता येत नाहीत, म्हणून ते सगळ्यांना आवडतात. माझ्या मते चार गोष्टी मोजता येतात.

एक, वरिष्ठ गटात खेळणाऱ्या प्रत्येक तालमीचे तेरा आणि पंधरा वर्षांखालचे संघ वर्षभर सामने खेळतात का? नसतील खेळत, तर मोठ्या कपात प्रवेश नाही, असा नियम स्पर्धा भरवणाऱ्यांनी करावा. दोन, प्रत्येक कपाच्या सामन्यात एकोणीस वर्षांखालचा किमान एक स्थानिक खेळाडू पहिल्या मिनिटापासून मैदानात असावा. सगळ्यांनाच लागू असेल तर त्यात कुणाचा तोटा नाही. तीन, बक्षिसाच्या रकमेचा ठरावीक हिस्सा मुलांच्या प्रशिक्षकाच्या बारमाही पगारासाठी बांधलेला असावा. ज्यांच्या नावाचा कप आहे त्यांचं नाव त्या पगारामुळे जास्त टिकेल. चार, प्रत्येक मुलाची नोंदणी.

हा चौथा मुद्दा कंटाळवाणा वाटेल, पण नोंदी ठेवणं हाच माझा धंदा असल्याने थोडं विस्ताराने सांगतो. फिफाच्या नियमांप्रमाणे एखादा खेळाडू पैसे मोजून एका देशातून दुसऱ्या देशातल्या क्लबात गेला, तर त्या रकमेचा पाच टक्क्यांपर्यंतचा हिस्सा तो बारा ते तेवीस या वयात ज्या ज्या क्लबांत घडला त्यांच्यात वाटला जातो. घडवल्याबद्दलची वेगळी भरपाईही नियमांत आहे. हे मिळवायचं तर मुलगा त्या वयात तुमच्याकडे होता याची अधिकृत नोंद लागते. भारतात त्यासाठी महासंघाची केंद्रीय नोंदणी प्रणाली आहे. ‘पोरगं आमच्याच गल्लीत खेळायचं’ ही नोंद नव्हे. ‘चांगली पोरं शेवटी निघूनच जातात, मग कशाला खर्च करायचा?’ या नेहमीच्या आक्षेपाला हेच उत्तर आहे. जाऊ द्या, पण नाव लिहून जाऊ द्या.

राहिला शेवटचा आक्षेप : कपाची ईर्ष्या काढून घेतली तर शाहू स्टेडियम भरेल का? नाही भरणार, आणि म्हणून ती काढून घ्या असं मी म्हणतच नाही. कप हवेत, डर्बी हवी, रात्रीची मिरवणूकही हवी. कोल्हापूरच्या पोराला बॉलकडे ओढणारी गोष्ट हीच आहे. कोणत्याही अकादमीच्या माहितीपत्रकात ती ताकद नाही. पण ईर्ष्या कशाची, हे ठरवता येतं. आज ईर्ष्या आहे ती कुणी कुठून किती भारी खेळाडू आणला याची. अशा ईर्ष्येत हरल्यावर हातात काही उरत नाही, म्हणून ती दगडफेकीत आणि थांबवलेल्या सामन्यांतही संपते. ज्या संघात आपल्या गल्लीतली सात पोरं आहेत, तो हरला तर माणूस चिडतो, पण दुसऱ्या दिवशी त्याच पोरांना दूध घ्यायला जाताना भेटतो.

पुढच्या वेळी तालमीची बैठक लागेल तेव्हा कप किती आणणार हे जरूर विचारा. त्याच दमात हेही विचारा की त्या कपाच्या फोटोत आपल्या पेठेतली किती पोरं उभी असतील. आकडा सांगायला लावा, आणि तो लिहून ठेवा.