विहाराचं कुलूप कोण काढणार?



वस्तीवस्तीत सध्या एक नवी चढाओढ लागलीय. शेजारच्या विहाराला मार्बल बसलं, मग आपल्याला ग्रॅनाइट पाहिजे. त्यांची कमान वीस फूट, मग आपली पंचवीस झालीच पाहिजे. पावतीपुस्तकं छापतात. झाडूवाल्याच्या, बिगाऱ्याच्या खिशातून, चार घरची धुणीभांडी करणाऱ्या बाईच्या कनवटीतून वर्गणी निघते. उद्घाटनाला आमदार येतो, कोनशिलेवर नाव कोरून घेतो, हार घालून घेतो आणि जातो. दुसऱ्या दिवशी विहाराला कुलूप. ते निघतं बुद्धपौर्णिमेला, नाहीतर थेट चौदा एप्रिलला. मधे कुणाचं लग्न असलं तर भाडं भरून.

आणि विहाराच्या पाठीमागं दहावी नापास पोरं कट्ट्यावर बसलेली असतात. त्यांच्यासाठी कमिटीकडं पैसा नाही. का? तर कळसाचं काम बाकी आहे!

हे बोललं की जुनी माणसं भडकतात. म्हणतात, "पोरांनो, तुम्हाला काय ठाऊक? आम्हाला देवळाच्या पायरीवर उभं करत नव्हते. आज आमचं स्वतःचं छप्पर आहे, त्याला नावं ठेवता?" त्यांचा हा राग खरा आहे, आम्ही तो मानतो. ज्याला गावानं वेशीबाहेर ठेवलं, त्यानं स्वतःच्या घामाची चार भिंतींची जागा उभी करणं ही क्षुल्लक गोष्ट नाही. पण त्याच माणसांनी आठवावं. २ मार्च १९३० ला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. लोकांनी डोकी फोडून घेतली. आणि १९३४ साली बाबासाहेबांनीच दादासाहेब गायकवाडांना पत्र लिहून तो थांबवायला सांगितला. आता ताकद लावायची ती शिक्षणावर आणि राजकारणावर, असं त्यांचं म्हणणं होतं. दुसऱ्याच्या देवळाच्या दारातून ज्यानं आपल्याला मागं फिरवलं, तो आपल्याच दारात आपल्याला आरत्या ओवाळत बसा म्हणेल का?

१९५० साली बाबासाहेबांनी बुद्ध आणि त्याच्या धम्माचं भवितव्य यावर लेख लिहिला. धम्म पसरायचा तर काय करावं लागेल, याची तीन कामं त्यात सांगितली. लोकांच्या हातात देता येईल असा एक धम्मग्रंथ. भिक्खू संघाच्या रचनेत आणि उद्दिष्टात बदल. आणि जगभर धम्म पोचवणारं मिशन. तीन कामं. त्यात कमान नाही, कळस नाही, ग्रॅनाइट नाही. उलट आयतं खाणाऱ्या भिक्खूंवर त्यांनी कोरडे ओढले. पहिलं काम त्यांनी स्वतः केलं, शरीर पोखरलं गेलं तरी केलं. बाकीची दोन आपल्यावर सोडली. आपण काय केलं? फरशी बसवली.

कुणी म्हणेल, देहूरोडच्या विहारात १९५४ साली बाबासाहेबांनीच बुद्धमूर्ती बसवली. बसवली. अनाथपिंडिकानं सोन्याची नाणी अंथरून जेतवन घेतलं, तेही कबूल. पण जेतवन कशासाठी होतं? पावसाळ्यात भिक्खूंनी राहावं, शिकावं, शिकवावं म्हणून. पाऊस सरला की भिक्खू चालू लागायचे. पहिल्या साठ जणांना बुद्धानं सांगितलं, दोघांनी एका वाटेनं जाऊ नका. 'विहार' म्हणजे राहायची जागा. जिथं कुणी राहत नाही, कुणी शिकत नाही, ते गोदाम.

आम्ही इमारतीच्या विरोधात नाही. वडाळ्याचं सिद्धार्थ विहार इमारतच होती. पण ते वसतिगृह होतं. गावाकडून आलेली पोरं तिथं राहिली, वाचली, भांडली, आणि १९७२ साली पँथर उभी राहिली तेव्हा त्या खोल्या चळवळीचा अड्डा झाल्या. बहिष्कृत हितकारिणी सभा १९२४ ला निघाली. कचेरी परळच्या दामोदर हॉलमध्ये, आणि १९२५ ला सोलापुरात वसतिगृह सुरू! 'बहिष्कृत भारत' मात्र १९२९ साली पैशाअभावी बंद पडलं. एका कमानीच्या खर्चात आज असली किती पत्रं चालतील, हिशेब करा.

आणि टॉवरचं वेड कुठं नेतं ते दादरला दिसलं. २५ जून २०१६ च्या पहाटे आंबेडकर भवन आणि बुद्धभूषण छापखाना जमीनदोस्त केला गेला. कशासाठी? सतरा मजल्यांसाठी! ज्या छापखान्यातून चळवळ बोलली, त्याचीच जीभ कापून वर मजले चढवायचे होते. लोक रस्त्यावर आले, ते बरं झालं.

सरकारला हा खेळ फार आवडतो. इंदू मिलच्या स्मारकाचं भूमिपूजन २०१५ ला झालं. जानेवारी २०२० मध्ये पुतळ्याची उंची वाढली, खर्च हजार कोटींच्या पुढं गेला. त्याच महिन्यात वाडिया रुग्णालयाचं अनुदान थकलं म्हणून मुंबई उच्च न्यायालयानं सरकारला झापलं : पुतळ्याला पैसा आहे, आणि ज्यांच्यासाठी बाबासाहेब जगले त्या माणसांच्या दवाखान्याला नाही? पुतळा स्कॉलरशिप मागत नाही. पुतळा गटारात गुदमरून मरत नाही. म्हणून पुतळा परवडतो.

मग कुणी म्हणतं, ख्रिस्ती मिशनऱ्यांसारखी सेवा करा. जरा थांबा. बाबासाहेबांनी त्यांचाही हिशेब मांडलाय. मिशनच्या शाळा-कॉलेजांचा, दवाखान्यांचा मलिदा मुख्यतः वरच्या जातींनी खाल्ला, आणि बाटलेला अस्पृश्य होता तिथंच राहिला. तामिळनाडूत तिरुचिरापल्लीच्या कॅथलिक दफनभूमीत दलित ख्रिस्त्यांना वेगळं ठेवायला भिंत घातली गेली. म्हणजे नुसती 'सेवा' म्हटलं की भागत नाही. सेवा कुणाची, पैसा कुणाच्या हातात, हे विचारलं पाहिजे. चर्चला विचारायचं, आणि आपल्या कमिटीला त्याहून आधी.

म्हणून पोरापोरींनो, पुढच्या वर्गणीच्या वेळी हे मागा :

विहाराचा जमाखर्च दर महिन्याला बाहेरच्या भिंतीवर लागला पाहिजे.

वर्गणीतला अर्धा पैसा अभ्यासिका, पुस्तकं आणि एका पूर्णवेळ कार्यकर्त्याचा पगार यासाठी.

कोनशिलेवर पुढाऱ्याचं नाव नको. लिहायचंच तर वर्गणी देणाऱ्या बाईचं लिहा.

कुलपाची एक चावी बायांकडं, एक अभ्यासाला बसणाऱ्या पोरांकडं. रात्री अकरापर्यंत दिवा चालू.

कमिटी नाही म्हणाली तर पावती फाडू नका. पैसा आपला, घाम आपला. भांडण होईल, होऊ द्या. चुलते-मामा रुसतील, रुसू द्या. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या माणसानं घरातल्या भांडणाला भ्यायचं नसतं.

आणि तरीही कुलूप निघालं नाही, तर बाहेर पायरीवर सतरंजी टाका, कंदील लावा, तिथंच वर्ग सुरू करा.

जय भीम.